तुम्ही विचारलंत म्हणून: एक मशीन रिकामं का?

भोसरीतल्या माझ्या गाळ्यात चार सीएनसी टर्निंग मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारे लेथ, आहेत, त्यातलं एक बहुतेक वेळ बंद दिसतं. मग बँकेचा माणूस येवो की मेहुणा, प्रश्न ठरलेला, "हप्ता चालू आणि मशीन बंद, परवडतं कसं?" परवडत नाहीच. पण ऐका.

2019 चा शेवट. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचा नवा नियम, बीएस-6, लागू होणार म्हणून गाड्यांचे जुने पार्ट कमी, नवे सुरू, शेड्यूल आठवड्यात तीनदा बदलायचं. मी चारही मशीन तिन्ही शिफ्ट भरून चालवायचो आणि छाती काढून सांगायचो, सीएनसी आहे, प्रोग्रॅम बदलला की पार्ट बदलला. प्रोग्रॅम बदलतो हो दोन मिनिटांत. पण पार्ट धरणारे सॉफ्ट जॉ बोअर करा, टूलचे ऑफसेट घ्या, भोक तपासायचा प्लग गेज शोधा, या सेटिंगमधे साडेतीन तास जायचे.

डिसेंबरमधे एका शनिवारी रात्री ग्राहकाचा फोन, सकाळी लाइन थांबेल, 300 बुश, म्हणजे नळीसारखे पोकळ पार्ट, द्या. चालू लॉट अर्धवट सोडून सेटिंग मोडलं. सेटर पोरगा सोळा तास उभा होता. तो फर्स्ट पीस तपासायला निघाला तर मीच म्हटलं, तू चालू कर, मी बघतो. मी बघितलं नाही, गाडी शोधत फोनवर होतो. बोअर, म्हणजे आतलं भोक, 40 मायक्रॉननं मोठा निघाला, 300 च्या 300 परत, वर नुकसान आमच्या नावावर टाकणारी डेबिट नोट. आणि मी सगळ्यांसमोर बोललो त्या पोराला. तो गप्प उभा राहिला, "तुम्हीच म्हणालात" एवढंही म्हणाला नाही. सोमवारपासून आला नाही. नंतर चारदा फोन केला, उचलला नाही.

त्यानंतर जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोची पद्धत शिकलो, मशीन चालू असतानाच पुढच्या जॉबची तयारी करायची. जॉ, टूल, गेज, ड्रॉइंग आता आधीच एका ट्रॉलीत असतं, सेटिंग पन्नास मिनिटांवर आलं. शिंगोंचं दहा मिनिटांच्या आतलं काही जमलेलं नाही.

मग आता तरी चौथं भर की, असं माझ्यातला जुना मीच म्हणतो. पण सगळी भरलेली असली की घाईचा एक जॉब बाकी सगळ्यांना मागे ढकलतो, चालू लॉट मोडावा लागतो, आणि चूक तिथंच होते. का मी नुसता घाबरलोय? तेही असेल. गेल्या महिन्यात ते 19 दिवस उभं होतं. हप्ता, ऑपरेटरचा पगार, वाचलेलं रिजेक्शन, सगळं मांडून बघितलं, हिशोब काही माझ्या बाजूनं आला नाही.

तरी आज सकाळी त्यावर रेग्युलर लॉट लावू का विचारलं तर नको म्हणालो.