लाल न झालेला झेंडू

इंदूरला मावशीकडे जायचं म्हणजे रात्री सराफ्यात उभ्याने भुट्ट्याचा कीस खायचा, एवढंच आमच्या घरातलं गणित. यंदा मेमध्ये मावशीने फोनवरच बजावलं, "लालबागेत मालवा उत्सव आहे, लोककला-हस्तकलांचा मेळा, मुलांना दाखव. खाणं कुठे पळून जात नाही."

संध्याकाळी सात वाजताही हवा तव्यासारखी. लालबाग म्हणजे होळकरांचा महाल. १८८६ ला काम सुरू झालं आणि १९२१ ला संपलं, हे ऐकून पुण्यातल्या आमच्या बिल्डरला रोज शिव्या घालणारा नवरा गप्पच झाला. पार्किंगबद्दल लिहीत नाही, मूड जाईल.

माहेश्वरी साड्यांपाशी मावशी अडकली. तिने पदर नाही, आधी काठ उलटा करून पाहिला. खरी माहेश्वरी दोन्ही बाजूंनी नेसता येते म्हणे. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली, तिथे विणकर वसवले, आणि किल्ल्याच्या दगडावरची नक्षी काठावर उतरली. "नेसलीस की किल्लाच नेसलीस समज," मावशी म्हणाली. भाव ऐकून मी किल्ला परत घडी घालून ठेवला.

चिरंजीव मात्र बाग छपाईच्या स्टॉलवरून हलेनात. धार जिल्ह्यातल्या बाग गावची ही कला. छपाईआधी कापड शेळीच्या लेंड्या, एरंडेल आणि खारात मुरवतात. हे कळल्यावर तर नऊ वर्षांच्या मुलाचं जन्माचं समाधान झालं. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्याने कापड पिवळसर होतं. कारागीरकाकांनी त्याला तसाच एक रुमाल दिला. आधी रेखेचा ठसा, झेंडूच्या फुलाचा. ती लोखंडाच्या गंजाची खळ हिरड्यावर पडली आणि बघता बघता काळी झाली. मग पाकळ्या भरायचा ठसा. काकांनी ठसा ठेवून मुठीने एकच ठोसा मारला, याने तीन मारले. फूल सरकलं, पाकळ्या रेषेबाहेर.

"पण हे लाल कुठंय?" खरंच, नुसता फिकट डाग.

"बेटा, अभी तो फिटकरी है," काका हसले. तुरटी आणि चिंचोक्याची खळ ती. नंतर बागनी नदीच्या वाहत्या पाण्यात कापड धुतात, मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरिन (तुरटीशी जुळून लाल होणारा रंग) आणि धावड्याची फुलं घालून उकळतात, तेव्हा कुठे लाल उमटतं. रांगेतल्या सगळ्या पोरांचे चेहरे पडले. मला मात्र वाटलं, झटपट लाल रंग लावून पोरांना खूश करणं सोपं होतं. काकांनी ते केलं नाही.

रुमाल घडी घालून पुण्याला आला. धुवायचा नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. परवा मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. ती धावड्याची फुलं म्हणजे आपली धायटी, हे तिथेच कळलं. दुकानदाराने पुडी बांधत विचारलं, "आसव करताय का घरी?"

धायटी मिळाली. अलिझरिन शोधतेय.