हॅन्सनबाईंचं एक मत

३ ऑक्टोबर १९९८ ला ऑस्ट्रेलियात संसदेची निवडणूक झाली. त्या दिवशी मी क्वीन्सलंड राज्यातल्या इप्सविचमधल्या एका प्राथमिक शाळेत मतदान अधिकारी म्हणून बसले होते. एरवी माझी नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. निवडणूक आयोगाचं हे काम एका दिवसापुरतं, आणि पैशांपेक्षा हौसेनंच घेतलेलं. वडील, म्हणजे आमचे नाना, सांगलीकडे शिक्षक होते, जन्मभर इलेक्शन ड्युटीला शिव्या घालत ती चोख करत आले. त्यामुळे मतपेटी बघत मोठी झाले म्हटलं तरी चालेल.

पण त्या वर्षी आमच्या ब्लेअर मतदारसंघात काम करणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पॉलिन हॅन्सन तिथून उभ्या होत्या.

बाई आमच्याच गावच्या. म्हणजे जन्म ब्रिस्बेनचा, १९५४ चा, पण नाव झालं ते इप्सविचमध्ये. सिल्कस्टोन भागात त्यांचं मासे आणि चिप्स तळून विकायचं दुकान होतं. इप्सविच म्हणजे कोळशाच्या खाणी, लोकरीच्या गिरण्या आणि रेल्वेच्या कारखान्यावर पोसलेलं कामगारांचं गाव. यातलं एकेक बंद पडत गेलं तशी माणसं चिडत गेली. हॅन्सनबाई आधी नगरपालिकेत निवडून आल्या. मग १९९६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षानं त्यांना ऑक्सलीतून तिकीट दिलं. ऑक्सली हा मजूर पक्षाचा क्वीन्सलंडमधला सगळ्यात पक्का गड, तिथं लिबरल येतो कशाला? त्यात बाईंनी स्थानिक वर्तमानपत्रात मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या सवलतींवर एक जळजळीत पत्र लिहिलं आणि पक्षानं तिकीट काढून घेतलं. मतपत्रिका मात्र तोवर छापून झाल्या होत्या, त्यावर त्यांच्या नावापुढे ‘लिबरल’ तसंच राहिलं. बाई निवडून आल्या. १९ टक्क्यांहून जास्त मतं फिरली, त्या निवडणुकीत देशात सर्वांत जास्त.

मग १० सप्टेंबर १९९६ चं ते लोकसभेतलं पहिलं भाषण. आपण मुरलेल्या राजकारणी नाही, चार मुलांची एकटी आई आहोत, दुकान चालवलंय, असं सांगत बाईंनी देश आशियाई लोकांच्या लोंढ्याखाली बुडायची भीती आहे असं ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओळखीच्या भारतीय घरांमध्ये याच्याखेरीज विषय नव्हता. एका जेवणात एक गृहस्थ मोठ्या खात्रीनं म्हणाले, “अहो, ती आपल्याबद्दल नाही बोलत, चिनी-व्हिएतनामी लोकांबद्दल बोलतेय.” बरेचजण माना डोलवत होते. मला ती चर्चा भाषणापेक्षा जास्त लागली.

१९९७ च्या एप्रिलमध्ये ‘वन नेशन’ पक्ष निघाला. जून १९९८ मध्ये क्वीन्सलंडच्या विधानसभेत त्यांनी जवळजवळ २३ टक्के मतं आणि ११ जागा घेतल्या. चारच महिन्यांनी ही देशाची निवडणूक. दरम्यान मतदारसंघांची फेररचना झाली, ऑक्सलीचा नकाशा बदलला आणि बाई शेजारच्या नव्या ब्लेअरमध्ये आल्या.

कामावर घेताना आयोग लिहून घेतो की तुम्ही कुठल्याही पक्षाचं काम करत नाही. सही करताना हात अडखळला नाही, पण घरी नवरा म्हणाला, “तुला कोणी काही बोललं तर?” मी म्हटलं, बोलले तर बोलले, यादीत नाव बघून मतपत्रिका देणं एवढंच तर काम आहे.

सकाळी आठला दार उघडलं. इथली पद्धत आपल्याला भारीच वाटते. मतदान सक्तीचं, नाही केलं तर दंड. ओळखपत्र दाखवायचं नाही, बोटाला शाई नाही. नाव विचारायचं, पत्ता विचारायचा, आणि ‘या निवडणुकीत आधी मत दिलंय का?’ हे विचारायचं. मग यादीत नावावर रेघ मारायची, दोन मतपत्रिकांवर आद्याक्षरं घालायची आणि द्यायच्या. लोकसभेची हिरवी लहान, सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, पांढरी आणि टेबलक्लॉथएवढी लांब. पुठ्ठ्याच्या आडोशात जाऊन दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं उमेदवारांपुढे पसंतीक्रमाचे आकडे लिहायचे, एक, दोन, तीन असे. होय, पेन्सिलीनं. बाहेर शाळेचे पालक सॉसेज भाजून पावात घालून विकतात, त्याचा वास दिवसभर हॉलमध्ये.

माझ्या टेबलाशी आलेल्यांपैकी वाईट कोणी वागलं नाही, हे आधी सांगते, कारण पुढे लोक मला तेच विचारत. एकच आठवतो, खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा. त्यानं नाव सांगितलं, मी यादीत शोधत होते. तो वाकून माझ्या साडीकडे बघेल असं वाटलं, पण मी साडी नेसलेच नव्हते, पांढरा शर्ट आणि काळी पँट होती. तो बघत होता माझ्या पट्टीकडे. “सरळ मार रेघ, पोरी. मागल्या खेपेला माझ्या भावावर मारली होती,” म्हणाला, आणि हसत मतपत्रिका घेऊन गेला. जाता जाता बाहेरून आणलेली ‘वन नेशन’ची पत्रकं त्यानं खिशातून काढून आडोशात समोर टेकवून ठेवली. मला ती माझ्या खुर्चीवरून दिसत होती. चांगला माणूस आणि त्याचं मत तिला, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी होती, एवढंच मी त्या गडबडीत स्वतःशी म्हटलं.

सहाला दार बंद. पेट्यांची सीलं तपासून त्या उघडल्या आणि लांब टेबलांवर हिरव्या पत्रिकांचा ढीग ओतला. आधी उलगडायच्या, मग पहिली पसंती कोणाला आहे ते बघून उमेदवारांच्या नावाखाली लावायच्या, बाद वेगळ्या काढायच्या. बोटाला रबरी टोपी. टेबलाच्या पलीकडे पक्षांचे मतमोजणी प्रतिनिधी उभे, ते बघू शकतात, बोलू शकतात, कागदाला हात लावू शकत नाहीत. वन नेशनकडून एक साठीची बाई होती, गळ्यात चष्म्याची साखळी, माझ्या बोटांवरून नजर हलवत नव्हती. मजूर पक्षाचा पोरगा विद्यार्थी असावा, तोंडात च्युइंगगम.

हॅन्सनबाईंची चळत वाढताना दिसत होती. आम्ही काही बोलत नव्हतो, पण सगळ्यांचे डोळे तिकडे जात होते.

आणि ती पत्रिका आली. बाईंच्या चौकटीत एक आकडा, वर मोठी तिरकी शेंडी, खाली सरळ दांडी. मी हॅन्सनकडे ठेवायला गेले तसा पोरगा म्हणाला, “थांबा, तो सात आहे. एक नाहीच कुठे, बाद.” साखळीवाली बाई एकदम पुढे आली. मी पत्रिका दिव्याखाली धरली. तिथं सगळ्या चौकटीत आकडे भरणं सक्तीचं, एक जरी चुकला तर मत बाद. खाली दुसऱ्या एका उमेदवारापुढे आणखी एक सात होता, मधून आडवी रेघ मारलेला. म्हणजे आडव्या रेघेचा तो सात, आणि शेंडीचा हा एक. युरोपात शाळा झालेले लोक असे आकडे काढतात, रुग्णालयात जुन्या डच आणि जर्मन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून मला ते तोंडपाठ होतं. जहाजानं आलेल्या कोणा निर्वासिताचं वा स्थलांतरिताचं मत असणार ते, आणि ते हॅन्सनबाईंना.

मी केंद्राध्यक्षांकडे नेली आणि जे दिसलं ते सांगितलं. त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा बघितले, “मत वैध” म्हणाले, मागे शेरा मारून सही केली. मी ती पत्रिका हॅन्सनच्या गठ्ठ्यात ठेवली. पलीकडून साखळीवाली बाई म्हणाली, “थँक्स, लव्ह.” मनात म्हटलं, तुमच्यासाठी नाही केलं. कोणासाठी केलं हे मात्र मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं, आणि आता सांगायला गेले तर उगाच भाषण होईल.

रात्री घरी आले तेव्हा टीव्हीवर तेच चाललेलं. बाईंना पहिल्या पसंतीची मतं ३६ टक्के, सगळ्यांत जास्त. मजूर पक्षाच्या व्हर्जिनिया क्लार्क दहाएक टक्क्यांनी मागे, आणि लिबरलांचे कॅमेरन थॉम्पसन तिसऱ्या क्रमांकावर. आणि निवडून आले थॉम्पसन! तिन्ही मोठ्या पक्षांनी आपापल्या मतदारांना हॅन्सनला शेवटचा क्रमांक द्या म्हणून सांगितलं होतं. नॅशनल पक्षाची मतं वळून थॉम्पसन क्लार्कबाईंच्या पुढे गेले, मग क्लार्कबाईंची मतं थॉम्पसनकडे आली आणि हॅन्सनबाई घरी.

रविवारी सांगलीला फोन केला. नानांचा पहिला प्रश्न पेन्सिलीचा. “पेन्सिल? आणि कोणी खोडून टाकलं तर?” दुसरा खरा प्रश्न. “छत्तीस टक्के घेऊन पडली? आपल्याकडे असती तर हार घालून फिरली असती.”

“नाना, शिक्षक मतदारसंघासारखं आहे. एक, दोन, तीन लिहायचं.”

“हां, मग कळलं. पुण्याच्या शिक्षक मतदारसंघात दर खेपेला दुसऱ्या पसंतीवर डोकेफोड.” आणि थोडं थांबून, “म्हणजे जिच्यावर जास्त जणांचं प्रेम ती नाही, जिच्यावर जास्त जणांचा राग नाही ती निवडून येते.”

नाना बरोबर बोलले होते. मला ही पद्धत त्या रात्रीपासून आवडते हे मी लपवत नाही. तिच्यावर टीका करणाऱ्यांचं म्हणणंही मला कळतं, बाई तर हे त्या पक्षांचं साटंलोटंच म्हणत होत्या.

पुढचं भराभर सांगते. २००३ च्या ऑगस्टमध्ये हॅन्सनबाईंना पक्षाच्या नोंदणीत फसवणूक केल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. पक्षाचे सदस्य म्हणून दाखवलेली माणसं खरी सदस्य नव्हती, ती नुसती समर्थकांच्या गटात होती, असा आरोप, आणि निवडणूक खर्चापोटी मिळालेले जवळजवळ ५ लाख डॉलर त्यांनी फसवून घेतले असंही. रुग्णालयाच्या चहाच्या खोलीत आनंदीआनंद. मला तो आवडला नाही. कागदावरच्या सह्यांच्या घोळासाठी तीन वर्षं? नोव्हेंबरात क्वीन्सलंडच्या अपील न्यायालयानं शिक्षा रद्द केली, पण बाई तोवर ११ आठवडे आत राहून आल्या होत्या. लिबरल पक्षाचे नेते, पुढे पंतप्रधान झालेले टोनी ॲबट यांनी १९९८ मध्ये वन नेशनविरुद्धच्या कोर्टकज्जांसाठी निधी उभारला होता, हेही याच काळात चव्हाट्यावर आलं. नंतर बाई टीव्हीवर नाचाच्या स्पर्धेत उपविजेत्या झाल्या, निवडणुका लढत आणि हरत राहिल्या. २०१५ मध्ये लॉकयरची विधानसभेची जागा अवघ्या ११४ मतांनी गेली.

२०१६ ला संसदेची दोन्ही सभागृहं एकदम विसर्जित झाली. अशा वेळी सिनेटच्या सगळ्याच जागा लढवल्या जातात आणि जिंकायला लागणारा कोटा निम्म्यावर, ७.७ टक्क्यांवर येतो. वन नेशनचे चार सिनेटर आले, त्यात त्या स्वतः. पहिल्या भाषणात या खेपेला आशियाई नव्हते, मुसलमान होते. लोंढा तोच.

त्या आठवड्यात गणेशोत्सवाच्या आमच्या पंगतीत ते जुने गृहस्थ भेटले. आता केस पांढरे. “बघितलं का भाषण?” म्हणाले, “बाई बोलते ते खोटं नाही हं.” मी विचारलं, “अहो, १९९६ ला ज्यांच्याबद्दल बोलली होती, ते आता बुडवत नाहीत का?” ते म्हणाले, “ते वेगळं होतं.” आणि पानावर मोदक वाढायला आलेल्या पोराला त्यांनी तूप आणायला पिटाळलं.