शिरवाळे दिसतत बरे, पण रस खंय?

गेल्या वर्षी रात्रपाळी करून सुटले आणि भूक एवढी लागलेली की रूमवर जाऊन कुकर लावायचा धीरच नव्हता, म्हणून स्टेशनजवळच्या उदोनच्या, म्हणजे जपानी शेवयांच्या, दुकानात शिरले आणि ट्रे समोर ठेवून आईला व्हिडिओ कॉल लावला. जपानात सकाळचे साडेअकरा म्हणजे आपल्याकडे आठ, आई अंगणात तुळशीला पाणी घालून नुकती आत आलेली. मी मोबाईल बाऊलवर धरला. आईने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "अगो, शिरवाळे खंयसून गावले तुका?" आणि मग लगेच, "दिसतत बरे, पण रस खंय?"

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. आता रजेवर घरी आलेय, नारळी पौर्णिमेला मालवणच्या किनाऱ्यावर जाऊन आले, घरी शिरवाळे झाले, म्हणजे आपल्या तांदळाच्या ताज्या शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या, पोटभर खाल्ले, म्हणून आज लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी जपानात कोबेच्या बाजूला एका वृद्धाश्रमात काम करते, तिकडे या कामाला काइगो म्हणतात. २०२१ मध्ये भारत आणि जपानचा करार झाला आणि आपल्याकडच्या मुलामुलींना या कामासाठी जायचा रस्ता उघडला, भाषेची परीक्षा द्यावी लागते, काइगोची वेगळी द्यावी लागते, त्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. आज फक्त उदोन.

उदोन म्हणजे गव्हाच्या जाड पांढऱ्या शेवया, करंगळीपेक्षा बऱ्याच बारीक, चौकोनी कडेच्या. मी जाते ती चेन मारुगामे सेइमेन. जपानात तिची ८०० च्या वर दुकानं आहेत, त्यामुळे बहुतेक मोठ्या शहरांत एक सापडतंच. आपण चेन म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, कुठेतरी लांब फॅक्टरीत बनवलेलं पाकीट फोडून गरम करून देणार. इथे तसं नाहीये. दारातून आत गेलं की पहिल्यांदा पिठाच्या गोणी दिसतात, त्याच्या शेजारी मशीन, आणि एक माणूस किंवा बाई पांढरे कपडे घालून पिठाचा गोळा लाटून त्याच्या शेवया कापत असते, सगळं तुमच्या समोर. प्रत्येक दुकानात रोज पिठापासून. त्याच्या मागे मोठं थोरलं पातेलं, म्हणजे आपल्याकडे भंडाऱ्याला असतं तेवढं, त्यात पाणी खळखळ उकळत असतं आणि वाफ अशी की पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं तशी. मला ती वाफ फार आवडते. तांदूळ नसला तरी वास आपल्या पेजेच्या जवळ जाणारा आहे, खरंच सांगते.

पहिल्या दिवशी मला पद्धत कळली नव्हती. मी जाऊन सरळ टेबलावर बसले, वाटलं वेटर येईल. दहा मिनिटं कोणी आलं नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या, माझा हात धरून मला लाईनीत नेऊन उभं केलं, ट्रे हातात दिला, आणि बोटाने दाखवलं की इथे सांगायचं. त्यांचं जेवण अर्धं टेबलावर तसंच थंड होत होतं. हे मी विसरणार नाही.

तर पद्धत अशी, ट्रे घ्यायचा, काउंटरला कुठला उदोन आणि केवढा ते सांगायचं, नामी म्हणजे साधा आणि दाई म्हणजे मोठा. मग ट्रे पुढे सरकवत जायचं, पुढे तळलेल्या पदार्थांच्या रांगा, चिमट्याने आपणच हवं ते उचलायचं, आणि शेवटी पैसे. साधा बाऊल ४०० येनच्या आसपास पडतो म्हणजे आपले सव्वादोनशे रुपये धरा, जपानच्या मानाने हे स्वस्त आहे, एका वेळचं जेवण होतं. पैसे दिल्यावर बाजूला कांद्याची पात, किसलेलं आलं आणि तळणीतला चुरा ठेवलेला असतो, तो हवा तेवढा फुकट. माझ्या बाऊलवर कांद्याच्या पातीचा डोंगर असतो. पाणी फुकट, टीपची पद्धत नाही, आणि खाऊन झालं की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा.

तळलेल्या पदार्थांत काकिआगे म्हणून एक असतो, कांदा गाजर उभं चिरून पिठात घालून तळलेला मोठा गोल. लांबून बघितलं तर आपली कांदाभजीच, फक्त ताटलीएवढी. ह्या तळणीला तेम्पुरा म्हणतात आणि ती जपानात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून आली असं सांगतात. हे कळलं तेव्हा मला एवढा आनंद झाला, कारण आपल्याकडेही काजू, मिरची आणि पाव त्यांच्याच जहाजांतून आले. एकाच लोकांनी आमच्या बंदरात काजू उतरवला आणि ह्यांच्या बंदरात भजी.

शाकाहारी लोकांनी मात्र लक्ष द्या. उदोन दिसायला साधा पांढरा, पण त्याचं पाणी, ज्याला दाशी म्हणतात, ते सुक्या माशाचं असतं. समुद्री शेवाळ, सुक्या बोनिटो माशाचा कीस, आणि सानुकी पद्धतीत बारीक मासळी उकडून वाळवून घालतात त्याला इरिको म्हणतात. त्याचा वास आला की मला आमच्या वाडीत खळ्यात सुकत घातलेली सुकट आठवते. मी सोमवार पाळते म्हणून सोमवारी त्या बाजूला जातच नाही, मंगळवारी दुप्पट खाते.

आता सानुकी म्हणजे काय ते सांगते, कारण मला खरं सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. आमच्या आश्रमात एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या, त्या मूळच्या कागावा प्रांतातल्या, त्याचं जुनं नाव सानुकी. मारुगामे हे त्याच प्रांतातलं गाव, गंमत म्हणजे चेनचं पहिलं दुकान मात्र तिथे नाही निघालं, ते २००० साली समुद्राच्या अलीकडे, आमच्या बाजूच्या काकोगावात निघालं, नाव तेवढं तिकडचं घेतलं. मी रजेच्या दिवशी ट्रेनने सेतोचा मोठा पूल ओलांडून आजींचा प्रांत बघून आले. १९८८ साली झालेला पूल, खाली समुद्र आणि छोटी छोटी बेटं, वेंगुर्ल्याच्या बंदरावरून समोर बघितल्यासारखं वाटतं पण बेटं कितीतरी जास्त. कागावा हा जपानातला सगळ्यात लहान प्रांत, आपला सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्या पावणेतीन पट मोठा होईल. आणि उदोनची दुकानं गल्लीबोळात. काही ठिकाणी पाटीसुद्धा नाही, शेवया करणाऱ्याच्या घरामागेच बाकडी टाकलेली, लोक सकाळी सातला रांगेत उभे.

एवढा उदोन तिथेच का, तर पाऊस. कागावात पाऊस वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर, आपल्याकडे तीन हजारच्या वर. मोठ्या नद्या नाहीत, म्हणून त्यांनी हजारो तळी बांधली, त्यातल्या मान्नो तळ्याची डागडुजी कुकाई नावाच्या साधूने ८२१ साली केली, आणि उदोनही त्यानेच चीनहून आणला अशी आख्यायिका आहे. भाताला पाणी पुरेना म्हणून हिवाळ्यात गहू लावायचे, किनाऱ्यावर मीठ पिकायचं, समुद्रात बारीक मासळी, समोरच्या शोदोशिमा बेटावर सोया सॉस, झालं, उदोनला लागणारं सगळं हाताशी. मी आजींच्या शेजारी बसून हे ऐकत होते आणि डोक्यात आमचा कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, दिसत होता. पाणी कमी म्हणून त्यांच्या शेवया गव्हाच्या झाल्या, आणि आपल्याकडे पाणी उदंड म्हणून आपल्या तांदळाच्या.

आणि दोन्ही करायची रीत पण त्यामुळेच वेगळी. गव्हाच्या पिठाला मिठाचं पाणी घालून मळलं की चिवटपणा येतो, म्हणून ते लाटून सुरीने कापता येतं. आजी म्हणतात त्यांच्या घरी पिठाचा गोळा चटईत गुंडाळून त्याच्यावर उभं राहून पायाने तुडवायचे, हे काम लहान मुलांचं. त्या चिवटपणाला जपानी शब्द आहे कोशी, आणि कोशी नसेल तर कागावाचा माणूस उदोन खाली ठेवतो. तांदळाला तो चिवटपणा नाही. म्हणून आपल्याकडे तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, बारीक दळून आणायचे, उकड काढून मळायची, मुठीएवढे गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, आणि वर तरंगले की गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे. थंड झाला की गोळा साच्यातून येत नाही, आणि आलाच तर तुटत येतो.

परवा नारळी पौर्णिमेला हेच झालं. साचा माळ्यावरून काढला, फणसाच्या लाकडाचा, आजोबांच्या वेळचा, वर्षभर पोत्यात गुंडाळून ठेवलेला. आईने पाण्यात हात बुडवून गोळा काढून साच्यात टाकला, मी दांडा दाबला, काकी खाली केळीचं पान फिरवत होती. पहिला घाणा आला तेव्हा शिरवाळे पानावर गोल गोल बसत गेले, अंगाला चकाकी, आणि त्यातून वाफ. नारळाचा रस वेलची आणि गूळ घालून बाजूला तयार. तिसऱ्या गोळ्याला साच्याची एक बाजू कट्‌कन वाजली आणि उभी चीर गेली. कशीबशी दोरी बांधून उरलेले काढले.

मला त्या दिवसापासून राहून राहून वाटतंय की एवढी चांगली गोष्ट आपण वर्षातून एकदा माळ्यावरून काढतो आणि परत पोत्यात गुंडाळून ठेवतो. मुंबई-गोवा हायवेवरून येताना मी कणकवलीपर्यंत मोजत आले, चायनीजच्या गाड्या किती आणि शिरवाळ्यांचं दुकान किती. शिरवाळ्यांचं एक पण दिसलं नाही. घरगुती जेवण देणाऱ्या काही बायका सांगून ठेवलं तर करून देतात, त्यांना माझा नमस्कार, पण दारात साचा मांडून, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर गोळा उकळत्या पाण्यातून काढून दाबायचा आणि केळीच्या पानावर गरम गरम द्यायचा, असं कोणी केलं तर लोक थांबतील. मी थांबेन. वाफ बघूनच माणूस थांबतो, हे मी तिकडे रोज बघते. कष्टाचं काम आहे हे मला माहितीये, आईचे खांदे दोन दिवस दुखत होते, पण उदोनवाल्यांनी मळायला लाटायला मशीन लावलं आणि तरी ते दारातच ठेवलं ना.

आश्रमातल्या आजींना आता उदोन नीट गिळता येत नाही. कोशी वगैरे काही नको, आम्ही जास्त शिजवून, कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, पाणी थोडं दाट करून चमच्याने भरवतो. तरी त्या दाशीचा वास आला की डोळे मिटून घेतात. मी निघताना त्यांना आईच्या व्हिडिओ कॉलची गोष्ट सांगितली, त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, मग तुझ्या त्या तांदळाच्या शेवया मला करून घाल.

मी सगळा विचार करून ठेवलाय. त्यांच्याकडे तांदळाचं पीठ जोशिन्को नावाने सुपरमार्केटात मिळतं, थोडं चिकट आहे पण चालेल. नारळाचं दूध डब्यात मिळतं. गुळाऐवजी ओकिनावाची काळी साखर, चव बरीच जवळची. शिरवाळे मऊ असतात, कात्रीने कापता येतील, नर्सला आधी विचारावं लागेल. फक्त साचा हवा.

म्हणून काल सुताराकडे गेले होते, जुना दुरुस्त होईल का आणि एक नवीन, थोडा लहान, बॅगेत मावेल असा मिळेल का विचारायला. तर तो गणपतीच्या शाळेत, हातात ब्रश, समोर चाळीसेक मूर्ती रंगायच्या राहिलेल्या. "बाय, चवथ होवंदे, मगे बघूया" म्हणाला. माझं विमान चवथीच्या आधी आहे. भाऊ म्हणतोय तो करून घेईल आणि पोस्टाने पाठवेल, फणसाचं लाकूड आहे, वजन किती भरेल ते आज पोस्टात जाऊन विचारतोय.