शिरपूर ते बीकेसी: लग्नाच्या व्हिसाची फाईल घेऊन केलेला प्रवास

बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपुढे मी जेमतेम आठ मिनिटं उभी होते. त्या आठ मिनिटांसाठी पाच महिने अमळनेर, शिरपूर, धुळे, नाशिक असं फिरले. मुलाखतीत काय विचारतात, कसं बोलायचं, साडी नेसायची की ड्रेस, याबद्दल सगळ्यांनी भरभरून सांगितलं. जन्मदाखल्याबद्दल एकानंही सावध केलं नाही. म्हणून हा वृत्तांत बराचसा त्या एका कागदाचाच आहे.

अमेरिकेतल्या नवऱ्यानं बायकोसाठी भरलेला आय-१३० (नात्याचा मूळ अर्ज) मंजूर झालाय, डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) तुम्हाला स्वतः भरता येतो, एसटीनं दिवसभर फिरायची तयारी आहे आणि घरी स्कॅनर किंवा बरा मोबाईल आहे, असं मी धरून चालते.

आम्ही जिल्ह्याच्या गावातला एक एजंट धरला. त्यानं ‘पूर्ण फाईल’चे १८ हजार घेतले. शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र दिलं की जन्माचं काम झालं, असं तो छातीठोकपणे म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला. मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल व्हिसा सेंटरनं दोन्ही कागद परत पाठवले. जन्म-मृत्यू निबंधकानं दिलेला जन्मदाखला हवा. नोंदच नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असं निबंधकाचं लेखी प्रमाणपत्र आणि त्याला जोडून दुय्यम पुरावे हवेत. शाळेचा दाखला पुरवणी म्हणून चालतो, मूळ कागद म्हणून नाही. हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मीही १९९६ साली आजोळी जन्मले, शिरपूर तालुक्यातल्या एका गावात, घरीच, सुईणीच्या हातून. जन्माची नोंद जन्म झाला त्या गावी होते, आईवडील राहतात तिथं नाही. हे साधं वाक्य कुणी बोललं असतं तर अमळनेरातल्या माझ्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. खानदेशातल्या ज्या मुलींना हा व्हिसा काढायचाय, त्यांनी आजच आईला विचारावं: माझा जन्म नेमका कुठं झाला, आणि वर्दी (जन्माची खबर) कुणी दिली?

अमळनेर-चोपडा-शिरपूर एसटी, पुढे काळी-पिवळी. ऑक्टोबरात कापसाच्या वेचणीमुळे सकाळच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पहाटेची पहिली एसटी धरा. गावात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, जन्मनोंदीची वही त्याच्याकडे असते, आणि त्याच्याकडे एकाहून जास्त गावं असतात. तो कोणत्या वारी कुठं असतो हे फोनवर विचारल्याशिवाय निघू नका. मी न विचारता गेले आणि कुलूप बघून परत आले.

दुसऱ्या फेरीत वही निघाली. तिथल्या काकांनी बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि म्हणाले, “तुन्हं नाव आठे नहीच शे, माय.” तारीख होती, आईचं नाव होतं, लिंग ‘स्त्री’ होतं. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. वडिलांच्या आडनावाच्या जागी ‘बोरसे’. आमचं कूळ बोरसे, पण शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे पाटील. वर्दी मामांनी दिली होती आणि त्यांनी कुळाचं आडनाव सांगितलं. आपल्याकडच्या किती पाटलांच्या घरात हे असेल, विचार करा. त्या ओळीकडे बघताना मला रडू आलं. इतकी वर्षं मी त्या वहीत बिननावाची होते.

ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन वेगळे अर्ज लागतात. कोऱ्या रकान्यात नाव भरणं हे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ खाली येतं. नोंदीपासून पंधरा वर्षांच्या आत ते सोपं आहे. त्यानंतर अडतं, शासन मधूनमधून मुदतवाढ देतं आणि माझं काम अशाच मुदतीत बसलं. चुकीची दुरुस्ती कलम १५ खाली होते. तिला कागदोपत्री पुरावा आणि घटना माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं लेखी निवेदन लागतं. माझ्यासाठी मामा आणि माझ्या जन्माच्या वेळची सुईण आजी आली. ऐंशीच्या पुढची बाई, काठी टेकत ग्रामपंचायतीत आली आणि अंगठा दिला. तिचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या जन्माची माहिती असलेली माणसं हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.

सहा फेऱ्या झाल्या. शेवटी संगणकीय दाखला मिळाला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत, त्यामुळे भाषांतराचा खर्चही वाचला. कार्यालयातून बाहेर पडण्याआधी इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून बघा. माझ्या आईच्या नावात एक ‘ए’ जास्त पडला होता, तो तिथंच उभं राहून दुरुस्त करून घेतला.

दुसरी फसवणूक पोलीस दाखल्याची. एजंटानं पोलीस अधीक्षक कार्यालयाचं चारित्र्य प्रमाणपत्र काढायला लावलं आणि त्याचे अडीच हजार वेगळे घेतले. ते या कामाला चालत नाही. भारतात राहणाऱ्या अर्जदाराला पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर स्वतः भरायचा, फी ५०० रुपये. मी नाशिकच्या केंद्रात वेळ घेतली, धुळ्याहून दीडशेवर किलोमीटर. पोलीस चौकशी मात्र आपल्या गावच्या ठाण्याकडूनच होते. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर राहिला असाल तर त्या देशाचाही दाखला लागतो. आखाती देशांत नोकरी केलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

एजंटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. व्हिसाच्या अर्जाचे ३२५ डॉलर आणि नवऱ्याच्या आर्थिक हमीच्या प्रतिज्ञापत्राच्या तपासणीचे १२० डॉलर ऑनलाइन थेट भरले जातात. मधल्या माणसाच्या हातात ‘एम्बसी फी’ म्हणून एक रुपया देऊ नका. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, पण त्यासाठी पानाला ७०० रुपये मोजायची गरज नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसानं भाषांतर करावं, आणि ‘मी या दोन्ही भाषा जाणतो, भाषांतर अचूक आहे’ असं इंग्रजीत लिहून सही करावी.

लग्नाची नोंद ग्रामपंचायतीतून मिळाली, तिथं त्रास झाला नाही. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नका. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो, विवाह प्रमाणपत्र दोन्ही नावं जोडतं. मधेच नाव बदललं तर आधीचे सगळे कागद पुन्हा जुळवत बसावं लागतं.

नवऱ्याकडून आय-८६४ (तेच आर्थिक हमीचं प्रतिज्ञापत्र) मागवा, सोबत त्याचं ताज्या वर्षाचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (कर खात्याचा उतारा), डब्ल्यू-२ (मालकानं दिलेला पगाराचा दाखला) आणि नोकरीचं पत्र. उत्पन्न कुटुंबाच्या आकारमानानुसार ठरलेल्या गरिबी पातळीच्या १२५ टक्के हवं. कमी पडत असेल तर तिकडचा सहप्रायोजक आधीच तयार ठेवा.

नात्याच्या पुराव्यासाठी एजंटानं स्टेजवरचे चाळीस फोटो निवडले होते. ते सगळे मी काढून टाकले. हळदीचे दोन, मांडवातले दोन, आणि पहिल्या श्रावणात नवरा सुट्टी काढून आला होता तेव्हाचे कानबाईच्या सणाचे फोटो ठेवले, प्रत्येकाच्या मागं तारीख आणि माणसांची नाती लिहून. विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, महिन्यागणिक थोडे थोडे चॅट. पत्रिकेवर माझं घरातलं नाव छापलं होतं, ते लपवलं नाही. दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत अशी एक ओळ टाइप करून जोडली.

मुंबईला रात्रीची ट्रॅव्हल्स धरली आणि कल्याणला मावशीकडे उतरले. बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे आणि फोटो) अपॉइंटमेंट मुलाखतीहून वेगळी घ्यावी लागते. मेडिकल नेमलेल्या डॉक्टरांकडेच करायचं, मुलाखतीच्या आधी. लहानपणीचं लसीचं कार्ड शोधून न्या, नसेल तर काही लसी पुन्हा टोचाव्या लागतात. बंद लिफाफा हाती दिला तर फोडू नका. ते दिवस निवांत गेले.

मुलाखतीच्या सकाळी कुर्ल्याहून बीकेसीला रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मीटर टाकला नाही आणि हातातली फाईल बघून २५० रुपये मागितले. शेअर रिक्षा धरा. आत मोबाईल, बॅग, खाण्याचा डबा काहीच चालत नाही. बाहेर मोबाईल सांभाळायचे पैसे मागणारे उभे असतात, त्यांच्या हाती फोन देऊ नका. सोबतच्या माणसाकडे द्या किंवा घरीच ठेवा. एक पारदर्शक फोल्डर पुरतो.

आधी एका खिडकीवर मूळ कागद घेतात. तिथल्या बाईंनी जन्मदाखला हातात घेतला, तारीख वाचली, पासपोर्ट वाचला आणि बाजूला ठेवला. पाच महिन्यांच्या कागदाला पाच सेकंद लागले. मला आतून इतकं हलकं वाटलं की पुढच्या खिडकीची भीतीच गेली. अधिकाऱ्यानं हात वर करून शपथ घ्यायला लावली, बोटांचे ठसे घेतले. मी मराठीत बोलू का विचारलं, चाललं. कुठं भेटलात, लग्नाला त्यांच्याकडून कोण आलं होतं, ते काय काम करतात, शेवटचे कधी आले. मग कानबाईचा फोटो उचलून विचारलं, हे काय? मी सांगितलं की नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे देवी बसते, रोट होतात, लांबची माणसं घरी येतात, नवराही त्यासाठीच आला होता. त्यांनी ऐकून घेतलं, मूळ कागद परत दिले आणि व्हिसा मंजूर म्हणून सांगितलं.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिकडे पोचलात तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (दोन वर्षांची अट काढायचा अर्ज) भरावा लागतो. माझं तसंच आहे, म्हणून आत्तापासून दोघांच्या नावाचे कागद एका पिशवीत टाकतेय. विमानात बसण्याआधी यूएससीआयएसची (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) २३५ डॉलर फी ऑनलाइन भरा, ती भरल्याशिवाय कार्ड येत नाही.

आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) मी माहेरी आहे. अमळनेर, पारोळा, चोपडा भागातल्या कुणाला जन्मनोंदीच्या दोन्ही अर्जांचा मसुदा बघायचा असेल तर त्याआधी घरी येऊन बघावा, झेरॉक्स काढून ठेवल्यात.