मोरिसोचा पाळणा : जाळी जमली, तीही जवळजवळ पांढऱ्याशिवाय

मंडळी, फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसो हिच्या ‘द क्रेडल’ (पाळणा) या चित्राची मी तेलरंगात नक्कल करतेय, आणि त्यातली पाळण्यावरची जाळी जमली. उजवीकडचा वरचा कोपरा अजून गचाळ आहे, पण मधल्या उतारावर बाळ आत आणि कापड बाहेर असं एकदाचं दिसायला लागलं. घरच्यांना दाखवलं तर म्हणाले, ‘छान आहे, पण कालही असंच होतं ना?’ म्हणून तुम्हाला सांगतेय.

चित्रातल्या आईचा, म्हणजे मोरिसोच्या बहिणीचा, एडमाचा चेहरा आणि गालाशी टेकलेला हात मागेच झाला होता. गळ्यातली काळी फीत मात्र पुसून परत घातली. आयव्हरी ब्लॅकमध्ये कणभर प्रशियन ब्लू, दोन फटकारे, आणि मान लगेच जागेवर आली. त्या फितीवर मी जाम खूश आहे.

आता जाळी. गेला सगळा पावसाळा तिनेच खाल्ला. ज्यांनी ‘द क्रेडल’ नीट पाहिलंय त्यांना माहीत आहे की चित्राचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे ते झिरझिरीत कापड. एडमा त्याची कड हातात धरून बसलीय, आणि आपण व बाळ यांच्या मध्ये ते येतं. म्हणजे ते कापड फसलं की बाळ गेलं आणि बाळ गेलं की एडमा नुसती भिंतीकडे बघत बसलेली बाई होते. १८७२ सालचं हे चित्र, ५६ बाय ४६ सेंटिमीटर. माझा कॅनव्हास त्याच मापाचा आहे, त्यामुळे फसवाफसवीला जागा नाही.

टायटॅनियम व्हाइटने काम होणार नाही हे लवकरच कळलं. कितीही पातळ करा, तो झाकतोच. खालचं बाळ आधी धूसर होतं, मग मठ्ठ होतं आणि शेवटी दिसेनासं होतं. मोरिसोकडे टायटॅनियम नव्हताच, तो चित्रकारांच्या हाती आला पहिल्या महायुद्धानंतर. तिच्या वेळी पांढरा म्हणजे शिशाचा, फार तर जस्ताचा. शिशाचा टायटॅनियमइतका झाकत नाही, पण विषारी, आणि आमच्या घरात माझी पॅलेट स्वयंपाकघराच्या ओट्यापासून चार पावलांवर असते, तेव्हा तो विषय बंद. मग ऑनलाइन एका दुकानातून ‘फ्लेक व्हाइट ह्यू’ मागवला (फ्लेक व्हाइट म्हणजे शिशाचा पांढरा, ‘ह्यू’ म्हणजे त्याची नक्कल). ट्यूब आली, मागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला तर पिगमेंटचे, म्हणजे मूळ रंगद्रव्याचे, कोड पीडब्ल्यू ६ आणि पीडब्ल्यू ४. म्हणजे टायटॅनियम आणि झिंक (जस्त), शिशाचं फक्त नाव. दुकानाच्या पानावर पिगमेंटचा कोडच दिलेला नव्हता. ‘ह्यू’ शब्द दिसला की कोड विचारल्याशिवाय पैसे भरू नका, एवढंच सांगते.

नुसता झिंक पारदर्शक असतो आणि त्याने काम सोपं झालं असतं, पण तेलात तो वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो. मोठ्या भागावर, तेही वरच्या थरात, मला तो नको होता.

शेवटी चित्र बाजूला ठेवून खरी जाळी बघायची ठरवली. बाजारातून बाळावर ठेवतात ती छत्रीची मच्छरदाणी आणली. सासूबाईंनी ती बघितली आणि चष्मा काढून विचारलं, ‘अगं, घरात तान्हं कोण आहे?’ माझं वय बघता शेजारी गोड बातमीची चर्चा होणार नाही, पण लिफ्टमध्ये दोघींनी हसून बघितलंच.

छत्रीखाली नातीची जुनी बाहुली ठेवली, मागे काळी शाल आणि एका बाजूला उघडी खिडकी. आणि मग जे दिसलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. शालीसमोर जाळी उजळ दिसते, खिडकीसमोर तीच जाळी काळपट दिसते. जाळीला स्वतःची व्हॅल्यू, म्हणजे उजळ-गडदपणा, जवळजवळ नसतेच. ती मागच्या गडदाला वर उचलते आणि मागच्या उजळाला खाली ओढते. बाहुलीचे काळे केस राखाडी झाले आणि तिचा पांढरा फ्रॉकही राखाडी झाला, दोन्हीतलं अंतर कमी झालं, बस. खरा पांढरा दिसतो तो फक्त घडीवर घडी येते तिथे आणि काठाच्या शिवणीवर. आता चित्राकडे परत जा. मोरिसोने जाड रंग कुठे टाकलाय बघा. तिथेच!

हे कळलं तरी ब्रशमधून उतरेना. तेव्हा पेस्टल काढले. काळपट निळ्या कागदावर बाहुली रंगवली आणि पांढऱ्या पेस्टलची कांडी आडवी धरून अलगद ओढली. कागदाच्या खरखरीत पोतावर रंग तुटक बसला, मधून खालचं दिसत राहिलं. मी सॉफ्ट पेस्टल म्हणतेय, ऑइल पेस्टल नाही, त्याने काही होत नाही. आणि त्या तुटक पांढऱ्याकडे बघताना लक्षात आलं की तो निळा दिसतोय. निळी कांडी मी हातातही घेतली नव्हती. गडदावर पातळ पांढरा आला की तो आपोआप निळसर होतो. काळ्या भिंतीसमोर चुलीचा धूर निळा आणि आभाळासमोर तपकिरी दिसतो ना, तेच कारण. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात.

मग कॅनव्हासवर पांढऱ्यात मिसळत होते तो कोबाल्ट निळा हद्दपार केला. खालचा थर हाताला अजिबात लागत नाही इतका वाळू दिला. मग झडलेला, केस फाकलेला जुना हॉग (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश घेतला (नवा सिंथेटिक यात शून्य कामाचा, तो रंग सारखा पसरवतो), त्यावर टायटॅनियम अगदी नावाला, चिंधीवर पुसून पुसून, आणि कोरडाच घासला. यालाच स्कम्बल म्हणतात. एडमाच्या गडद कपड्यालगत ते घासलं आणि तो थंड निळा करडा रंग उमटला, ट्यूबमधून न आलेला. त्या क्षणी मी ब्रश खाली ठेवून चहा करायला गेले, कारण अजून एक हात मारला असता तर सगळं गेलं असतं.

बाळाचा चेहरा आधी पूर्ण ताकदीने रंगवायचा की आधीच फिका, यावर मतं असतील. मी पूर्ण ताकदीने रंगवला आणि जाळीलाच तो फिका करू दिला. फिका रंगवून वर जाळी घातली की दोनदा धुतल्यासारखा दिसतो.

एक सुटं निरीक्षण. एडमा स्वतः चित्रकार होती. दोघी बहिणी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रांच्या नकला करतच शिकल्या (नकला का करता असं मला विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी), आणि १८६९ मध्ये लग्न झाल्यावर एडमाने ब्रश जवळजवळ ठेवून दिला. चित्रकार बहिणीने चित्र सोडलेल्या बहिणीला तिच्या लेकीच्या पाळण्याशी बसवलंय. कौतुकाने बघणारी आई असं सगळे म्हणतात. मला तिच्या पापण्या रंगवताना कौतुकापेक्षा थकवा जास्त सापडला. १८७४ च्या, इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनात हे चित्र विकलं गेलं नाही, एडमाच्या घरातच राहिलं आणि १९३० मध्ये लूव्रने घेतलं. आता पॅरिसच्याच दॉर्से संग्रहालयात आहे.

मूळ अडचण उरतेच. डोंबिवलीच्या दमटात जवसाचं तेल वाळत नाही. स्कम्बलच्या दोन थरांमध्ये इतके दिवस जातात की आपण कुठे होतो ते विसरायला होतं. उजवा कोपरा त्याचमुळे अडकलाय. हे लिहितानाच सुचलं की खालचं सगळं ॲक्रिलिकमध्ये केलं तर? ते तासाभरात वाळतं, वर तेल चालतं (उलटं कधीच नाही), आणि जाळी त्याच दुपारी घासता येईल. या कॅनव्हासवर उशीर झालाय, पुढच्यावर नक्की.

आणि पुढचा कॅनव्हास चित्रकार मेरी कसाटच्या चित्राचा असणार होता, तिची बहीण लिडिया गुलाबी पोशाखात चहाचा कप घेऊन बसलीय तो. तो आता मागे गेला. जाळी हाती आलीय तर तिचं पाणी उतरायच्या आत दुसरी बाजू करून बघायची आहे, प्रकाशासमोर काळपट होणारी. हॉलच्या खिडकीला नेटचा पडदा आहे, त्याच्या अलीकडे सासूबाई मेथी निवडत बसतील. विचारलं तर तयार झाल्या, फक्त संध्याकाळी सातची मालिका चुकता कामा नये आणि डोक्यावरचा पदर मी बदलायचा नाही. खिडकी पश्चिमेची आहे, चारनंतर पडद्यावर ऊन येतं आणि जाळी पूर्ण पेटते, म्हणजे मला तीन ते चार एवढाच तास मिळणार. ॲक्रिलिकचे पांढरे आणि राखाडी आज मागवले, कोड वाचून.