पहिली हॉकी स्टिक डाव्या हाताला विचारून घ्या

"मुलीला हॉकी लावलीय, स्टिक कुठल्या कंपनीची घेऊ?" शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न ठरलेला. कधी विचारणारा स्वतःच तिशीतला असतो, रविवारी सकाळी मित्रांबरोबर खेळायला लागलेला. दोघांनाही कंपनीचं नाव ऐकायचं असतं. पण नाव शेवटी येतं, आणि रंग त्याच्याही नंतर. आधी बघायची लांबी, मग वजन, मग खेळायचं मैदान मातीचं आहे की टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताचं.

त्याआधी एक सावधगिरी. ऑनलाइन नुसतं 'हॉकी स्टिक' शोधलंत तर बर्फावरच्या किंवा स्केट्सवरच्या हॉकीची स्टिकही समोर येते: सरळ लांब दांडा आणि खाली फळीसारखं पातं. आपल्याला हवी मैदानी हॉकीची. तिची डावी बाजू सपाट असते, उजवी गोलसर, आणि चेंडू गोलसर बाजूनं खेळायचा नसतो. मैदानी हॉकीतही 'इनडोअर' लिहिलेली स्टिक वेगळी. तिथे चेंडू हिट करायलाच बंदी, फक्त पुश, म्हणजे स्टिक चेंडूला लावून ढकलणं. म्हणून ती बारीक आणि हलकी बनवतात. बाहेरच्या मैदानावर दोन-चार जोरदार हिट मारल्या की ती तडकू शकते. स्वस्तात मिळाली म्हणून घेणारे इथेच फसतात.

"आमचा मुलगा डावखुरा आहे, डावरी स्टिक मिळेल का?" नाही. नियमात तशी स्टिकच नाही, सगळे एकाच बाजूनं खेळतात. आणि डावखुऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये, कारण हा खेळ मुळात डाव्या हाताचा आहे. डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाशी घट्ट असतो आणि स्टिक फिरवण्याचं काम तोच करतो. उजवा हात खाली, सैल, नळीसारखा. त्या नळीत स्टिक फिरत राहते. नवख्याचं नेमकं उलटं होतं: उजवा हात आवळलेला आणि डावा नुसता पाहुणा. त्यात स्टिक जड असली तर ही सवय पक्की होते, कारण वजन पेलायला उजव्याची मदत लागतेच. म्हणून दुकानात गेलात की स्टिक मुलाच्या डाव्या हाताला विचारा. वरचं टोक फक्त डाव्या हातात धरायला सांगा, स्टिकचं डोकं, म्हणजे खालचा वळलेला भाग, जमिनीपासून चार बोटं वर, आणि मनगटानं स्टिक उलट-सुलट फिरवायची, जणू चेंडूच्या या बाजूनं त्या बाजूला. वीस वेळा. दहाव्या-बाराव्या फेरीत डोकं खाली लोंबायला लागलं, किंवा मनगटाऐवजी कोपर बाहेर जायला लागलं, तर ती स्टिक जड आहे. वेष्टनावर 'लाइट' छापलेलं असलं तरी.

लांबी मोजायच्या दोन रीती आहेत. पहिलीत स्टिक पायाशी सरळ उभी धरायची, डोकं जमिनीवर; वरचं टोक कमरेच्या हाडाशी आलं पाहिजे. दुसरीत स्टिक उलटी करून डोकं काखेत घ्यायचं आणि हात सरळ खाली सोडून दांडा पायाला लावायचा. टोक गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत पोचलं की बेताची. दुसऱ्या रीतीनं स्टिक जरा लांब निघते. दोन्ही करून बघा, आणि नवख्यासाठी दोन उत्तरांतलं आखूड ते घ्या.

आकड्यांत सांगायचं तर साधारण ४ फूट उंचीला २८ इंच, साडेचार फुटाला ३२, ५ फुटाला ३५. ५ फूट ४ इंचांपासून ५ फूट ९ पर्यंत बहुतेकांना ३६.५ इंच चालते, त्याहून उंच माणसाला ३७.५. कंपन्यांच्या तक्त्यांत इंचभर इकडेतिकडे असतं, तेव्हा तक्ता घरी बघा आणि निर्णय गुडघ्याच्या वाटीवर सोडा. सारख्या उंचीच्या दोन मुलांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. तक्त्याला ते कळत नाही.

इथे आपली जुनी खोड आडवी येते. गणवेश वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे, तशी स्टिकही वाढत्या अंगाची. अर्धा इंच ठीक. फार तर एक. दोन इंच लांब घेतलीत की काय होतं ते मैदानाच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलात तरी दिसेल. मूल वाकलं की दांड्याचं टोक पोटात टोचतं, म्हणून ते वाकतच नाही. मग डावा हात टोकापासून वीतभर खाली घसरतो आणि वरचा उरलेला दांडा जर्सीत अडकतो. चेंडू पायापासून लांब राहतो, हिट मारताना स्टिक चेंडूच्या आधी जमिनीला लागते. प्रशिक्षक ओरडत राहतात, "खाली वाक!" पण स्टिकच वाकू देत नसते. उलट इंचभर आखूड स्टिकनं पोच आणि ताकद थोडी कमी पडते, पण चेंडू ताब्यात राहतो. शिकण्याच्या दिवसांत हा तोटा परवडतो.

"मोठी घेऊन वरून कापली तर?" लाकडी स्टिक कापलेली पाहायला मिळते. कॉम्पोझिट, म्हणजे राळेत तंतू बसवून बनवलेली स्टिक, मात्र आतून पोकळ असते. करवत लावली की टोक उघडं पडतं, पाणी आत जातं आणि वॉरंटी असली तर तीही संपते. शिवाय वरचं वजन गेल्यानं सगळा भार डोक्याकडे सरकतो, आणि कापून हलकी झालेली स्टिक हातात उलट जड लागते.

वजनात कमाल मर्यादा ७३७ ग्रॅमची, पण तिच्या जवळपासही हल्ली कुणी जात नाही. मोठ्यांना ५२० ते ५५० ग्रॅम पुष्कळ झाले, मुलांना त्याहून बरंच कमी. आकड्याइतकाच तोलही बघा. दोन स्टिक एकेका बोटावर आडव्या तोलून धरा. जिचा तोल डोक्याच्या जवळ मिळतो तिचं डोकं जड. अशी स्टिक हिटला जोर देते आणि ड्रिबलला दमवते. नवख्याला तोल हाताकडे झुकलेली बरी.

आता लाकडी की कॉम्पोझिट. आपल्याकडे लाकडी स्टिक प्रामुख्यानं तुतीची. जालंधर आणि मेरठ ही खेळसामानाची मोठी गावं, तिथून माल येतो. तुतीचं लाकूड चिवट आणि वाकणारं, म्हणून डोक्याचं वळण त्यातून घडवता येतं. घेताना रेषा बघा. लाकडाच्या शिरा डोक्याबरोबर वळत शेवटपर्यंत गेल्या पाहिजेत. त्या मध्येच तुटून कडेला बाहेर पडलेल्या दिसल्या, तर पहिली फट तिथेच पडणार. शाळेचं मैदान मातीचं किंवा मुरमाचं असेल तर पहिल्या वर्षी लाकडी किंवा साधी फायबरग्लासची स्टिक घ्या आणि निश्चिंत राहा. मुरूम कुठल्याही स्टिकची खालची कड कानशीसारखी घासतो. महागडी घासलेली बघवत नाही, एवढाच फरक. डोक्याच्या खालच्या कडेला टेपचे एक-दोन वेढे दिले तर ती जास्त टिकते. फक्त टेपसकट स्टिक ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार झाली पाहिजे, हा नियम आहे.

बालेवाडी, पिंपरीतलं नेहरूनगर किंवा मुंबईत चर्चगेटजवळचं मैदान, अशा ठिकाणी टर्फवर सराव असेल तर कॉम्पोझिट घ्या. टर्फवर खेळाआधी पाणी मारतात, आणि रोज भिजणाऱ्या लाकडाचे थर सुटायला लागतात. पण कॉम्पोझिट म्हणजे कार्बन असं नव्हे. ती काचतंतू, कार्बन आणि थोडा अ‍ॅरामिड हा चिवट कृत्रिम तंतू यांचे पापुद्रे राळेत बसवून बनते. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक ताठ, आणि ताठ स्टिक चेंडूला जोर देते. हाच ताठपणा नवख्याच्या मुळावर येतो. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, दगडासारखा टणक. जोरात आलेला पास अडवताना हात थोडे मागे घेऊन त्याचा वेग जिरवायला शिकायचं असतं, ते अंगवळणी पडेपर्यंत ताठ स्टिकवरून चेंडू मीटरभर उडून जातो. चुकीच्या जागी लागला तर झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. शिवाय दोन स्टिक एकमेकींवर आदळल्या की जास्त कार्बनच्या स्टिकच्या कडेला केसासारखी चीर पडते, आणि नवख्यांच्या खेळात स्टिकवर स्टिक दर मिनिटाला आदळते. म्हणून लहान मुलाला कार्बन नको. मोठ्या नवख्याला १० ते २० टक्के भरपूर. '९५', म्हणजे ९५ टक्के कार्बन, असं मोठ्या अक्षरात छापलेली स्टिक दुकानदार कौतुकानं पुढे करेल. हात जोडा आणि उरलेल्या पैशात शिनगार्ड व माउथगार्ड घ्या. दातांना पर्याय नाही.

दांड्याचा बाक, म्हणजे 'बो', हा शब्द वर्णनात हमखास दिसेल. सपाट बाजू खाली करून स्टिक टेबलावर ठेवा, मधोमध दांडा उचललेला दिसतो, तो बाक. नियमानं तो जास्तीत जास्त २५ मिलिमीटर, आणि त्याचा सर्वांत उंच बिंदू डोक्याच्या तळापासून २०० मिलिमीटरच्या आत येता कामा नये. घरच्या घरी तपासायचं तर दहा रुपयांचं नाणं काढा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. उभं नाणं दांड्याखालून आरपार गेलं तर ती स्टिक सामन्यात चालणार नाही. 'लो बो' म्हणजे हा उंचवटा डोक्याच्या अगदी जवळ आणलेली स्टिक. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिक मारणाऱ्यांसाठी ती सोयीची, कारण चेंडू दांड्याच्या खोबणीत धरून ओढता येतो. नवख्यानं त्याच स्टिकनं साधी हिट मारली की तिचं तोंड थोडं उघडं पडतं, चेंडू हवेत उडतो, समोरच्याच्या गुडघ्याच्या रोखानं जातो आणि पंच शिट्टी मारतो. मुलाला वाटतं आपलं तंत्र बिघडलंय. 'रेग्युलर' किंवा 'स्टँडर्ड' लिहिलेला, २० ते २२ मिलिमीटरचा बाक मागा.

डोक्याचे आकार शॉर्टी, मिडी, मॅक्सी, हुक असे. मिडी घ्या. बाकीचे तीन कुणासाठी, हा विचार दोन वर्षांनी.

दांड्याची जाडी मात्र कुणी बघत नाही, आणि ती बघण्यासारखी असते. ग्रिपवर डावी मूठ आवळल्यावर मधलं बोट अंगठ्याच्या बुडाला जेमतेम टेकलं पाहिजे. बोट आणि अंगठा यांत अंतर राहिलं तर दांडा जाड आहे आणि मनगटात फिरणार नाही. बऱ्याचदा दोष दांड्याचा नसतोच, दुकानातच जुन्या ग्रिपवर नवी चढवलेली असते. ती उतरवा. नवी ग्रिप वरच्या टोकापासून सुरू करायची, थोडी ताणत तिरकी खाली आणायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर दोन-तीन मिलिमीटर चढवायचा आणि शेवट टेपनं बंद करायचा. मुंबईच्या घामात ग्रिप लवकर गुळगुळीत होते. घसरायला लागली की मूल मूठ आवळतं, आणि आवळलेल्या मुठीत स्टिक फिरत नाही.

जुनी स्टिक घ्यायला हरकत नाही, उलट पहिली स्टिक जुनी असलेली चांगलीच. क्लबात मोठ्या मुलांच्या आखूड झालेल्या स्टिक पडून असतात. घेताना डोक्यापासून वरपर्यंत नाण्यानं हलके ठोकत जा. आवाज एकसारखा टणक यायला हवा. एखाद्या जागी 'भद' असा बसका आला तर आतले थर सुटलेत. कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळतं का बघा. दांडा जिथे डोक्यात वळतो तिथे आडवी पांढरी रेघ असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. मोडणार ती तिथेच. टोकाचा रंग उडालेला, बारीक ओरखडे, हे चालतं. कडेला काटेरी तंतू वर आले असतील तर ते घासून टेप लावा, नाहीतर पंच स्टिक बाहेर ठेवायला लावतील.

धनराज पिल्ले खडकीत मोडक्या स्टिक बांधून खेळत मोठे झाले, मग आमच्या मुलाला एवढी चिकित्सा कशाला, असंही कुणी म्हणतं. चिकित्सा किमतीची करूच नये, हे मान्य. पण मोडकी स्टिक बांधून वापरता येते, मापाबाहेरची बांधून मापाची होत नाही.

पावसाळ्यात खेळून आल्यावर स्टिक कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वारा लागेल अशी ठेवा. ओल्या किटबॅगेत चेन लावून कोंडली की ग्रिपला वास आणि लाकडाला फुगारा. वाळवायला उन्हातही नको, लाकूड तडकतं. कॉम्पोझिट उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत दिवसभर पडू देऊ नका. उष्णतेनं राळ हळूहळू कमजोर होते.

दर सहा महिन्यांनी काखेत धरून पुन्हा मोजा. टोक गुडघ्याच्या वाटीच्या दोन इंच वर राहायला लागलं की नवी घ्यायची वेळ झाली. जुनी ग्रिप बदलून धाकट्याला द्या. धाकट्याचं माप मात्र वेगळं घ्या.