माउली, पाय द्या

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यांत दमवणारा टप्पा. अंतर तीस किलोमीटरच्या वर आणि शेवटी दिवे घाट. राहुटीत पोचलेली माणसं आधी पाठ टेकतात. आम्हीही दिवसभर दिंडीतच चाललेलो असतो, पण आम्हा सेवेकऱ्यांचं खरं काम तेव्हा सुरू होतं: वारकऱ्यांचे पाय धुवायचे, तेल लावून चोळायचे. सासवडला दोन मुक्काम असतात, हे बरं.

तेलाच्या आधी पाणी. ते कोमट आहे का हे आपल्या कोपरानं बघायचं, वारकऱ्याला विचारून नाही. मधुमेहात तळवे बधिर होतात. ‘अजून गरम ओता’ म्हणता म्हणता कातडी भाजते. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, चिखल्या तिथेच होतात. मग तळवा उजेडात धरायचा. फोड अखंड असेल तर फोडायचा नाही. फुटला असेल तर साबणपाण्यानं धुवायचा, वरची कातडी ओढायची नाही, मलम लावून गॉज बांधायचं. चिकटपट्टी थेट फोडावर लावली तर सकाळी कातडीसकट निघते. बहुतेक फोड नव्या चपलांचे नाहीतर ओल्या मोज्यांचे.

पोटरी घोट्याकडून गुडघ्याकडे चोळायची. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी दिसली तर मात्र चोळायचीच नाही. रक्ताची गुठळी असू शकते, थेट वैद्यकीय पथकाकडे न्यायचं. शेवटी तळव्यांचं तेल पुसायचं, नाहीतर रात्री उठलेलं माणूस ताडपत्रीवर घसरतं.

जांघेतलं सोलवटणं कोणी आपणहून सांगत नाही. बायका तर पाणीच कमी पितात, कारण वाटेत आडोसा नसतो. हे बाई सेवेकऱ्यानंच हळू आवाजात विचारावं. ओआरएसची मोठी पुडी अख्ख्या लिटरभर पाण्यात कालवायची. ग्लासात अर्धी पुडी टाकून दिली तर मीठ जास्त होऊन त्रास वाढतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं.

पाय दाबून घेणं काहींना पाप वाटतं, विशेषतः वयस्क बायकांना. जबरदस्ती नको. शेजारी बसून गावाकडच्या पेरणीचं विचारलं की गप्पांत पाय आपोआप पुढे येतो. दाबून झाल्यावर तीच आजी नातवाच्या वयाच्या पोराच्या पाया पडते. पोरगं अवघडतं. त्यानंही वाकावं, वारीत ही रीतच आहे. गुडघ्यांनी दगा दिलेले जुने वारकरी ट्रकबरोबर पुढे जातात, भाज्या निवडतात, पंगत वाढतात. त्यांची वारी मोडली असं दिंडीत कोणी म्हणत नाही.

पुण्यात सेवेची इतकी गर्दी होते की एकाच माणसाच्या झोळीत बिस्किटांचे पाच पुडे पडतात. त्या उत्साहात मलम-गॉजही संपवून टाकू नये. फलटणच्या पुढे, नातेपुते-माळशिरसकडे पाय जास्त सोललेले असतात आणि वाटणारे हात कमी. निम्मा साठा ट्रकमध्ये वेगळ्या पेटीत बांधून ठेवावा आणि पेटीची किल्ली एकाच माणसाकडे द्यावी.